वर्गात आई म्हणायचं नाही

मावशी वर्गात शिरल्या आणि सगळा वर्ग उभा राहिला.

एकतीस मुलंमुली. बाकं खरखरली, कोणाची तरी पाण्याची बाटली गडगडत फळ्यापर्यंत गेली. मावशी दारातच थबकल्या. अठ्ठावीस वर्षं त्या इस्पितळात रक्त काढत होत्या. त्यांना पाहून माणसं मागे सरकतात, मान फिरवतात, एखादा दांडगा गडी डोळे पांढरे करून आडवाही होतो, हे त्यांच्या सवयीचं होतं. उभं कोणी राहत नसे.

"बसा, बसा. घाबरू नका," त्या सवयीने म्हणाल्या.

वर्ग बसला, पण आता मात्र घाबरला. 'प्रगत जीवरसायनशास्त्र'चा पहिला तास, आणि बाई पहिल्याच वाक्याला घाबरू नका म्हणतात, म्हणजे विषय काय असेल! मावशी टेबलाला वळसा घालून पहिल्या बाकावर येऊन बसल्या. पिशवीतून वही काढली, चष्मा पुसला आणि फळ्याकडे बघत राहिल्या. वर्ग त्यांच्याकडे बघत राहिला. शेवटच्या बाकावरची एक मुलगी तेवढी कोणाकडेच बघत नव्हती. तिने डोकं मानेपर्यंत बॅगेत घातलं होतं आणि ती काहीतरी शोधत होती. खऱ्या मॅडम येऊन हजेरी सुरू होईपर्यंत ते तिला सापडलं नाही.

ती मावशींची एकुलती एक लेक.

त्याचं झालं होतं असं. लेकीला पुढे शिकायचं होतं: जीवरसायनशास्त्र, पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र, असा लांबलचक नावाचा अभ्यासक्रम. हुशार होती, पण परीक्षेला फार घाबरायची. प्रवेश परीक्षेच्या आधी आठ दिवस तिचं जेवण तुटलं. "आई, तू चल ना सोबत. दारापर्यंत तरी," ती म्हणाली. दारापर्यंत गेलेल्या माणसाला आत सोडत नाहीत, हे मावशींना माहीत होतं. त्यांनी कपाटाच्या तळातून स्वतःची रसायनशास्त्राची जुनी पदवी काढली, वयाची अट नाही याची खात्री करून घेतली आणि स्वतःचाही अर्ज भरून टाकला.

"मी नुसती बसेन. तू लिही," त्यांनी सांगितलं.

पण तीन तास, हातात पेन, पुढ्यात कागद. नुसतं बसणं मावशींच्या रक्तात नव्हतं. येतं तेवढं लिहू म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि बघता बघता बरंच आलं. बत्तीस जागा होत्या. निकाल लागला तेव्हा लेक तिसावी आणि आई एकोणिसावी.

लेक न्हाणीघरात गेली आणि तिने आतून कडी लावली.

"अगं, मी कुठे जाणारेय? तू जा!" मावशी बाहेरून म्हणाल्या.

"तू नाही गेलीस तरी मी तिसावीच आहे!" आतून आवाज आला. "माझी जागा मला मिळालीय! तुझी जागा तेहतिसाव्याला मिळेल!"

मावशींचे यजमान लिफ्टचे मेकॅनिक. सगळ्या गोष्टींचा ते वजनाच्या आणि तोलाच्या अंगाने विचार करत. ते म्हणाले, "तो तेहतिसावा कोण, आपण ओळखतही नाही. त्याच्यासाठी कशाला सोडायची?"

हे म्हणणं बिनतोड होतं. आणि मावशींना जागा सोडायची नव्हतीच. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही निकाल लागेपर्यंत नीटसं सांगितलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्या बाटल्या भरत होत्या, चिठ्ठ्या चिकटवत होत्या, यंत्रातून येणारे आकडे उतरवून घेत होत्या. त्या आकड्यांच्या मागे काय चाललेलं असतं, हे त्यांना एकदा कोणाला तरी विचारायचं होतं. इस्पितळात विचारलं की डॉक्टर म्हणत, "मावशी, बाहेर पंचवीस जण उपाशी बसलेत."

त्यांनी इस्पितळात पहाटेची पाळी मागून घेतली. सहा ते दहा, उपाशीपोटीची रक्तं. अकराला विद्यापीठ.

लेक न्हाणीघरातून बाहेर आली ती अटी घेऊन. वर्गात आई म्हणायचं नाही. शेजारी बसायचं नाही. एका बसने यायचं नाही.

"मग मला म्हणशील काय?" मावशींनी विचारलं.

"सगळे म्हणतील ते."

दुसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग त्यांना 'मावशी' म्हणू लागला. इस्पितळातही त्या सुईवाल्या मावशीच होत्या, त्यामुळे त्यांना काही वेगळं वाटलं नाही. वेगळं वाटलं ते तिसऱ्या दिवशी. मागून कोणीतरी खांद्याला हलकेच बोट लावलं.

"अहो मावशी, तुमच्याकडे जादा पेन आहे का?"

मावशींनी वळून बघितलं. एकवीस वर्षं जिने 'अगं', 'ए' आणि 'आई गं, तू ना' याशिवाय हाक मारली नव्हती, ती लेक त्यांना 'अहो' म्हणत होती. पेन देताना मावशींच्या तोंडून निघून गेलं, "घ्या हं."

संध्याकाळी घरी लेक म्हणाली, "मला 'घ्या' कशाला म्हणालीस? सगळ्यांना अगं-तुगं करतेस आणि मलाच 'घ्या'? संशय येईल ना!"

"तू अहो म्हणालीस, मी बावरले."

"आणि डबा. उद्यापासून बटाटे वेगवेगळे चिरत जा."

मावशी बटाट्याच्या त्रिकोणी फोडी करत. सकाळी साडेपाचच्या घाईत एकाच बटाट्याच्या दोन तऱ्हा करणं हे काही सोपं काम नाही. चार दिवस त्यांनी लेकीच्या डब्यात चौकोनी फोडी घातल्या. पाचव्या दिवशी हात आपल्या वळणावर गेला.

खरी पंचाईत झाली प्रयोगशाळेत. हजेरीपट आडनावांवरून लावलेला, त्यामुळे दोघींचे क्रमांक लागोपाठ आले आणि मॅडमनी क्रमांकांवरूनच जोड्या पाडल्या. मॅडम मावशींपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, सडपातळ, बोलणं मोजून मापून, जणू प्रत्येक शब्द त्या पिपेटने थेंब थेंब मोजून सोडत.

"आडनाव एकच दिसतंय," मॅडम म्हणाल्या.

"हो का? मला माहीतच नव्हतं," लेक म्हणाली.

"खूप आहेत आमच्यात," मावशी म्हणाल्या.

मॅडमनी दोघींकडे बघितलं आणि पुढच्या जोडीकडे वळल्या.

प्रयोगशाळेत मावशी राणी होत्या. थेंबाचाही छोटा अंश उचलून बरोबर हवा तिथे सोडायचा, म्हणजे त्यांचं रोजचंच काम. त्यांच्या पिपेटला कधी बुडबुडा आला नाही. लेकीचा हात मात्र थरथरायचा. पारदर्शक जेलच्या वडीत दातांच्या फटींएवढ्या खाचा असतात, त्यात निळ्या रंगाचा थेंब अलगद सोडायचा असतो. पहिल्याच दिवशी लेकीने खाचेचं बूड फोडलं. निळा रंग पाण्यात धुरासारखा पसरला.

"शीर दिसत नसली की आधी श्वास सोडायचा," मावशी हळूच म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या हातातून पिपेट घेतली. घेताना त्यांना काही वाटलं नाही. लहानपणी तिच्या हातातून दुधाचा पेला असाच घेतला होता, सुई-दोरा घेतला होता, कात्री घेतली होती.

सात खाचा मावशींनी भरल्या. वीज लावल्यावर सातही थेंब जेलमधून सरळ रेषेत पुढे सरकले. मॅडमनी जोडीला दहापैकी दहा दिले. लेकीने वहीत आकडा उतरवून घेतला आणि वही मिटली.

वर्गात मात्र उलटा प्रकार. मॅडम फळ्यावर एक बाण काढत, त्याचे दोन होत, दोनाचे आठ होत, मग सगळे बाण गोल फिरून जिथून निघाले तिथे येत आणि मॅडम विचारत, "कळलं?" वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे 'पाठांतर' म्हणत. त्याला झोपेतून उठवलं तरी तो वीसच्या वीस अमिनो आम्लं सांगे, उलटीही सांगे. मावशींना अकरा आठवायची, त्यांतली दोन जीवनसत्त्वं निघायची.

पण एक दिवस मॅडमनी फळ्यावर चार अक्षरं लिहिली. एसजीपीटी.

"अगं बाई!" मावशी मोठ्यांदा म्हणाल्या.

वर्ग वळला. मॅडमनी खडू थांबवला.

"यकृताची तपासणी हो! मी रोज लिहिते हे. कावीळ झाली की वाढतं."

"हो. हे एन्झाइम आहे. एका रेणूवरचा नायट्रोजनचा गट उचलून दुसऱ्या रेणूवर ठेवायचं काम करतं," मॅडम म्हणाल्या. "यकृताच्या पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं. तुम्ही मोजता ते सांडलेलं."

मावशी वही विसरून ऐकत राहिल्या. ज्या पाहुण्याचं नाव अठ्ठावीस वर्षं दारावर वाचलं, तो घरात काय करतो ते आज कळलं होतं. बसमध्ये उभ्या उभ्या त्यांनी एका अनोळखी बाईंना तो सगळा प्रकार समजावून सांगितला. बाई एक थांबा आधी उतरल्या.

पहिल्या चाचणीत तीसपैकी लेकीला सव्वीस आणि मावशींना नऊ मिळाले.

घरी जेवणाच्या टेबलाचा वर्ग झाला. लेक मास्तर म्हणून कडक होती. "भांडी राहू दे. आधी सांग, पेशीत इंधन कुठे तयार होतं? कसं?" मावशी पुस्तकातल्या चित्राकडे केविलवाण्या बघत होत्या. मागून यजमान हात पुसत आले आणि वाकून बघू लागले.

"ही कुठल्या बनावटीची मोटर?"

"मोटर नाही हो. प्रथिन आहे."

"प्रथिन असेल नाहीतर आणखी कोणी असेल. हा फिरता भाग. हा स्थिर. मधे दांडा. आणि हे अधिक चिन्हाचे बारके ठिपके कोण?"

"प्रोटॉन," लेक म्हणाली. "ते एका बाजूला साठतात."

"मग झालं! इकडे गर्दी, तिकडे जागा. गर्दी धक्काबुक्की करत या फटीतून आत घुसणार, त्या धक्क्याने हे फिरणार, फिरलं की वरच्या मजल्यावर काम होणार. यात न कळण्यासारखं काय आहे?"

लेकीने पुस्तक बघितलं, मग बापाकडे बघितलं. "बाबा, यावर मॅडमनी दोन तास घेतले."

"त्यांनी कधी लिफ्ट उघडली नसेल," यजमान म्हणाले. मग जरा काळजीने त्यांनी विचारलं, "पण हे मधेच अडकलं तर दुरुस्तीला कोण येतं?"

पुढच्या चाचणीत त्या मोटरच्या प्रश्नाला मावशींना दहापैकी सात मिळाले. कडेला मॅडमच्या बारीक अक्षरात शेरा होता: 'लिफ्टचा उल्लेख अनावश्यक. बाकी बरोबर.' यजमानांनी तो कागद कामावर नेऊन दाखवला.

दुसऱ्या सत्रात पेशी वाढवायचा प्रकल्प आला. प्रत्येक जोडीला एक चपटी बाटली, तिच्यात गुलाबी पाणी आणि तळाला चिकटलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो पेशी. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, ऊबदार कपाटात ठेवायचं आणि सहा आठवडे जगवायच्या. निम्मे मार्क त्यावर.

"कोणाच्या आहेत?" मावशींनी विचारलं.

मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "एका बाईच्या. सत्तर वर्षं होऊन गेली तिला जाऊन. कॅन्सर होता. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढला आणि त्यातल्या पेशी बाहेर वाढतच राहिल्या. जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत."

"तिला विचारलं होतं?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "घरच्यांनाही कित्येक वर्षं पत्ता नव्हता."

मावशींनी बाटली उजेडात धरली. अठ्ठावीस वर्षांत एकाही दंडाला त्यांनी न सांगता हात लावला नव्हता. बेशुद्ध माणसालाही त्या म्हणत, "आता टोचते हं." ज्याला कळणार नाही त्याला तर आधी सांगायला हवं, असा त्यांचा हिशेब होता.

काचेच्या आडोशाखाली, निर्जंतुक हवेच्या झोतात काम करताना बोलायचं नसतं. तोंडातून उडणारे जंतू बाटलीत पडतात. लेकीने हे पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, घरी जेवताना सांगितलं. मावशी मान डोलवत. मग बाटलीचं बूच उघडताना तोंडावरची पट्टी बोटाने खाली सरायची, कारण पट्टीआडून बोलणं हे भिंतीआडून बोलल्यासारखं, आणि मावशी हलकेच म्हणायच्या, "बाई, पाणी बदलते हं. जरा थंड लागेल."

सहाव्या आठवड्यात, तपासणीच्या आदल्या दिवशी, लेकीने कपाट उघडलं. सगळ्यांच्या बाटल्या गुलाबी होत्या. त्यांची पिवळी होती, आणि धुवण उरलेल्या बादलीसारखी गढूळ. जंतूंनी पेशी खाऊन टाकल्या होत्या. एकही जिवंत नव्हती.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या. "गेली बिचारी."

लेक बाटली हातात धरून वळली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आई! तुला हजारदा सांगितलं ना, तोंड उघडू नकोस म्हणून! तू माझं ऐकतच नाहीस! कधीच ऐकत नाहीस!"

सगळ्यांचे हात थांबले होते. मावशींच्या मनात मेलेल्या पेशींच्याही आधी अट नंबर एक आली. लेकीचं गुपित फुटलं होतं, ते आता आपणच सावरलं पाहिजे, म्हणून त्या घाईघाईने म्हणाल्या, "अहो, तुम्ही... तुम्ही असं काय करता? शांत व्हा ना."

पाठांतर खाकरला. "मावशी, राहू द्या आता. आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"कशावरून?" दोघींनी एकदम विचारलं.

"बटाटे," मागून कोणीतरी म्हणालं.

"आणि तुम्हाला खोकला आला की ही न बघता बाटली पुढे सरकवते," पाठांतर म्हणाला. "पण तुम्ही दोघी इतक्या कष्टाने लपवत होतात, आम्हाला काही बोलवेना."

"दोघींच्या अर्जांवर पत्ता एकच आहे," मॅडम दारातून म्हणाल्या. त्या कधी आल्या ते कोणालाच कळलं नव्हतं. "संपर्काचा फोनही एकच. मला वाटलं, घरात भांडण झालेलं आहे. म्हणून जोडी बदलली नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले, आणि मावशींनाही हसू आलं. लेक हसली नाही. तिने बाटली टेबलावर ठेवली, बॅग उचलली आणि ती निघून गेली.

मावशी घरी पोचल्या तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. यजमानांनी टीव्ही बंद केला. "अडकलेल्या माणसाला ओढायला जायचं नाही. आधी आतल्या माणसाचं ऐकून घ्यायचं," ते मावशींच्या कानाशी म्हणाले आणि स्वतः गच्चीवर गेले.

"मी बाटली नवी मागून आणते," मावशी म्हणाल्या. "मॅडमना सांगते चूक माझी."

"तेही तूच सांग," लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली. "जेल तू भर. दहापैकी दहा तू मिळव. वर्ग तुझाच, सगळ्यांची मावशी तूच. मला सगळे म्हणतात, किती नशीबवान तू. हात माझा थरथरतो ना, मग थरथरत थरथरत मला शिकू तरी दे! तू लगेच काढून घेतेस." ती वळली. "मी दारापर्यंत चल म्हणाले होते, आई. तू आत येऊन बसलीस."

मावशी खुर्चीवर बसल्या. 'तुझ्या भल्यासाठीच' हे शब्द त्यांच्या तोंडाशी आले होते, पण ते खरे नव्हते, किंवा आता राहिले नव्हते.

"हो," त्या म्हणाल्या. "बसले. आणि मला आवडलं गं तिथे."

"ते दिसतंय मला!" लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणून तर बोलता येत नव्हतं. तो एसजीपीटीचा तास झाला तेव्हा तुझा चेहरा... कसं बोलणार मी?"

मावशी उठल्या आणि त्यांनी बटाटे चिरायला घेतले. लेकीने त्यांच्या हातातून सुरी घेतली आणि चौकोनी फोडी केल्या.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातून थेट मावशी मॅडमच्या खोलीत गेल्या. "माझी जोडी बदला," त्या म्हणाल्या. "आणि तिला एकटीलाच बाटली द्या."

"एकटीला? तिचा हात..."

"तिचा हात तिचं बघून घेईल."

मॅडमनी तीन आठवड्यांची मुदत दिली, दोन नव्या बाटल्या दिल्या आणि मावशींची जोडी पाठांतराशी लावली. त्याला पेशींबद्दलचं सगळं तोंडपाठ होतं, फक्त बूच कुठल्या बाजूला फिरवायचं ते आठवत नसे. समोरच्या टेबलावर लेक काम करी. पहिल्या दिवशी तिने दोन पिपेटा फोडल्या. मावशी टेबलाची कड घट्ट धरून उभ्या राहिल्या, इतकी घट्ट की पाठांतराने विचारलं, "मावशी, चक्कर येतेय का?" दुसऱ्या आठवड्यात लेकीने आपली आपण युक्ती काढली: कोपर फासळ्यांना दाबून धरायचं, डाव्या तळव्यावर उजवं मनगट टेकवायचं. ही पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती आणि मावशींनी तर असला हात एखाद्या शिकाऊ पोरीचा चालू दिला नसता. पण पाणी बाटलीत पडत होतं, आणि गुलाबी राहत होतं.

मावशीही आता आत शिरण्याआधी बाहेर, दाराशीच बोलून घेत. "बाई, आज पाणी बदलणार आहे. आत बोलता येत नाही, इथेच सांगते." आतबाहेर करणाऱ्या मुलांना त्याची सवय झाली.

अंतिम निकालात लेक सहावी आली. दूरच्या एका संशोधन संस्थेत तिची निवड झाली, आणि प्रवेशासाठी जी मुलाखत झाली तिला ती एकटी गेली. दारापर्यंतही कोणाला नेलं नाही. मावशी बाकीच्या सगळ्या विषयांत सुटल्या, प्रयोगात तर वर्गात पहिल्या आल्या. एकाच पेपरात राहिल्या, प्रगत जीवरसायनशास्त्र. चाळीस हवे होते, अडतीस पडले.

दोन महिन्यांनी एका सकाळी इस्पितळातल्या रांगेत मॅडम बसलेल्या दिसल्या. हातात चिठ्ठी होती आणि चेहरा पांढराफटक.

"उपाशी आहात ना? बाही वर करा," मावशी म्हणाल्या.

"मावशी, मला सुईची फार भीती वाटते," मॅडम कुजबुजल्या. रक्ताच्या रसायनावर ज्यांची दोन पुस्तकं होती, त्या डोळे गच्च मिटून बसल्या. मग बहुधा काहीतरी बोलत राहावं म्हणून म्हणाल्या, "तुमचा पेपर मीच तपासला. दोन मार्कांसाठी तीनदा वाचला. द्यावे असं फार वाटलं."

"मग?"

"युरियाचं चक्र तुम्ही अर्ध्यात सोडलं होतं."

"सोडलं होतं खरं," मावशी म्हणाल्या. त्यांचं बोट मॅडमच्या दंडावर हलकेच शीर शोधत होतं. "बरं केलंत. शीर सापडली नसताना मीही कधी सापडली म्हणत नाही. आता टोचते हं."

"टोचा," मॅडम म्हणाल्या.

"झालं पण."

मॅडमनी एक डोळा उघडला. बाटली भरलेली होती.

फेरपरीक्षा डिसेंबरात आली. निकाल पुढे महिन्याभराने लागला आणि मावशींना त्रेपन्न पडले. पण परीक्षेच्या सकाळी हे कोणालाच माहीत नव्हतं. यजमान कामावर जाताना "गर्दी, धक्का, फिरणं" एवढंच सांगून गेले. लेकीने दूरच्या गावाहून फोन करून युरियाचं चक्र तीनदा म्हणवून घेतलं आणि तिसऱ्या वेळी म्हणाली, "बरोबर. आता जा आणि कोणाशी बोलत बसू नकोस."

बोलायला कोणी नव्हतंच. परीक्षेचा हॉल दोनशे बाकांचा, आणि त्या विषयात राहिलेलं माणूस एकच. मावशी मधल्या रांगेत आपला क्रमांक शोधून बसल्या. पर्यवेक्षक निवृत्तीला आलेले, नियमाचे पक्के. घंटा झाल्यावर ते व्यासपीठावर उभे राहिले आणि त्यांनी खणखणीत आवाजात सूचना वाचल्या.

"सर्व परीक्षार्थींनी शांतता राखावी. एकमेकांशी बोलू नये. शेजारच्या उत्तरपत्रिकेत डोकावू नये."

मावशींनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. रिकामी बाकं भिंतीपर्यंत गेली होती. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

दीड तासाने पर्यवेक्षकांचा डोळा लागू लागला होता, तेवढ्यात मधल्या रांगेत हात वर झाला.

"काय पाहिजे?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"पुरवणी," मावशी म्हणाल्या.

पर्यवेक्षक उठले, कोरा कागद आणि दोऱ्याचा तुकडा घेऊन सगळा हॉल चालत आले. मावशींनी पुरवणी उत्तरपत्रिकेला जोडली, दोऱ्याला दोन गाठी मारल्या, आणि पुन्हा खाली मान घालून लिहू लागल्या.